हा अर्ज मी घेणार नाही

बसा. मागे उभे आहेत त्यांनीही बसा, बाकं रिकामी आहेत. गुडघे अडकत असतील तर अडकू देत. तुमची पोरं रोज सहा तास याच बाकांवर काढतात.

अर्ज वाचला. 'इयत्ता आठवीतील मुलींना स्वतंत्र खोलीत बसवण्यात यावे, जेणेकरून शाळेचे वातावरण निकोप राहील.' खाली ३४ सह्या. त्यांतल्या तीन आयांच्या, आणि त्या तिन्ही सह्यांचं वळण एकच आहे. माझं आयुष्य वह्या तपासण्यात गेलंय. कोणी कोणाच्या नावाने सही ठोकली ते विचारू नका, मी सांगून टाकेन.

कारण काय, तर चिठ्ठी. आठवीतल्या एका मुलाने एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत चिठ्ठी ठेवली. मी ती वाचली आहे. चार ओळी, एक बदाम, एका सिनेमातला संवाद, आणि शुद्धलेखनाच्या इतक्या चुका की मराठीच्या बाईंनी ती मनावर घ्यायला हवी. मुलीने पुढच्याच तासाला ती वर्गशिक्षिकेच्या हातात दिली आणि सांगितलं, 'बाई, मला हे नकोय, त्याला सांगा.' तेरा वर्षांच्या पोरीने जे करायला हवं ते तिने न घाबरता केलं. मुलाला मी बोलावलं. ओरडले नाही, बसवून बोलले. समोरचीला नको असेल तर तिथेच थांबायचं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. त्याने तिची माफी मागितली. मंगळवारी दुपारी विषय संपला होता. संध्याकाळी पारावर तो परत सुरू झाला, आणि तो सुरू करणारे बहुतेक जण आज इथे बसले आहेत.

ती मुलगी त्यानंतर शाळेत आलेली नाही. मुलगा रोज येतो. काल मैदानावर कबड्डी खेळत होता. मी कोणाचं नाव घेणार नाही, आणि कोणी मान वळवून कोणाकडे बघायचं नाही. पण तिच्या घरचे इथे आहेत, त्यांनी ऐकावं. तिने खरं सांगितलं आणि तिची शाळा बंद झाली. आता पुढच्या वेळी, चिठ्ठीपेक्षा वाईट काही घडलं, तर ती कोणाला सांगेल? कोणालाच नाही. गप्प बसण्यात शहाणपण आहे हा धडा चार दिवसांत तुम्ही तिला शिकवलात. मला एक समीकरण शिकवायला आठवडा लागतो.

आता अर्जाकडे बघू. चिठ्ठी लिहिली मुलाने. आणि खोली सोडून जायचं कोणी? मुलींनी. ३४ जणांपैकी एकालाही 'मुलांना वेगळं बसवा' असं लिहावंसं वाटलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण सातवीत शिकवतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती याच शाळेत पाठ केली आहे.

आणि जायचं कुठल्या खोलीत? मी शिपायाला विचारलं, आपल्याकडे रिकामी खोली कुठली? तो म्हणाला, पोषण आहाराची पोती ठेवतो ती, पत्र्याची. मार्चपासून तिथे सकाळी अकराला बसवत नाही. तिथे १९ मुली बसणार आणि पंख्याखाली २७ मुलं. बरं, बसल्या. शिकवणार कोण? विज्ञानाला एक सर आहेत. गणिताला मी. प्रयोगशाळा एक, तिच्यात सूक्ष्मदर्शकं दोन आणि त्यातलं एक चालतं. शिक्षक मिळतो तो संच मान्यतेत, पटाच्या आकड्यावर. पालकांच्या सह्यांवर मिळत नाही. संच मान्यतेचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयापासून तर आहेत ती पदं टिकवताना आम्हा मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ आलेत. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून दोन भाकऱ्या होत नाहीत.

मग काय होईल ते सांगते. वेळापत्रक मीच लावते, त्यामुळे मला ते डोळ्यांसमोर दिसतंय. विज्ञानाचे सर आधी २७ कडे जातील, कारण तिथे संख्या जास्त, दंगा जास्त. १९ जणींना विज्ञान मिळेल शेवटच्या तासाला, किंवा अजिबात नाही. प्रयोग होईल फळ्यावर, खडूने आकृती काढून. कोणी मुद्दाम करणार नाही हे. आपोआप होईल. आणि दहावीनंतर त्यांतल्या एकीनेही सायन्स घेतलं नाही, की याच पारावर तुम्ही म्हणाल, मुलींना ते झेपत नाही.

आणि तू रे. हो, तूच, निळा शर्ट. उभा राहा. तुला मी 'तुम्ही' म्हणणार नाही, दहावीपर्यंत तू माझ्या हाताखाली शिकलास. मघाशी फाटकापाशी काय म्हणालास? मुलींमुळे मुलांचं लक्ष विचलित होतं. तुझं लक्ष कशाने विचलित व्हायचं ते मला आठवतंय. त्या खिडकीबाहेरच्या चिंचेने. दोन वर्षं तू त्या झाडाकडे बघत बीजगणित नापास झालास. ती चिंच तोडा, असा अर्ज घेऊन तुझे वडील आले नव्हते. त्यांनी तुला कान धरून पुढच्या बाकावर बसवलं. बस खाली.

हे 'लक्ष विचलित' प्रकरण नवं नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून विज्ञानाच्या पदवीला पहिली आलेली एक मराठी मुलगी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली. कमला भागवत तिचं नाव, पुढे कमला सोहोनी म्हणून ओळखली गेली. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांनी तिचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नाही, मुलगी आहे म्हणून. ती परत गेली नाही. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कारण विचारत राहिली. शेवटी घेतलं, पण अटींवर. पहिलं वर्ष चाचणीपुरतं. मार्गदर्शक म्हणतील त्या वेळी, रात्रीबेरात्रीही, काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. तुमच्या अर्जातलं वातावरण आणि हे वातावरण एकच आहे, नव्वद वर्षांत त्यात फरक पडलेला नाही. विचार करा, तिथे काम करणारे पुरुष शिकलेसवरलेले, संशोधक. त्यांचं मन थाऱ्यावर राहण्याची जबाबदारी कोणावर टाकली? त्या एकट्या मुलीवर. वर्षभरात तिने काम करून दाखवलं, संस्थेचं दार पुढच्या मुलींना उघडलं, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. रामन यांचं वैज्ञानिक म्हणून मोठेपण मी वर्गात शिकवते, आणि ही गोष्टही शिकवते. दोन्ही शिकवायला हव्यात.

लांबचं नको असेल तर जवळचं घ्या. साताऱ्याची सैनिकी शाळा, १९६१ ची, देशातली पहिली. साठ वर्षं तिथे फक्त मुलं होती. २०२१ पासून सगळ्याच सैनिकी शाळांत मुली आहेत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली करायला लावली, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या मैदानावरून पहिल्या १७ जणी संचलन करत बाहेर पडल्या. तीनशेहून जास्त मुलांबरोबर, त्याच तुकड्यांत तीन वर्षं काढून. या देशाच्या सैन्याला जे जमतं, ते आठवी 'अ'ला जमणार नाही असं तुमचं म्हणणं आहे. बरं.

मघाशी एक ताई हळूच म्हणाल्या, 'पण बाई, सावित्रीबाईंनी तर मुलींची वेगळीच शाळा काढली होती ना?' बरं झालं विचारलंत. मोठ्याने विचारायला हवं होतंत.

होय, काढली होती. १८४८ साली, पुण्यात भिडे वाड्यात. नायगावची ही लेक, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची. तीन जानेवारीला तुमच्या मुलींना नऊवारी नेसवून तुम्ही तिच्यावर भाषणं करायला लावता, तेव्हा तिने काय केलं तेही जरा समजून घ्या. तेव्हा मुलींना शाळांची दारं जवळपास बंदच होती. मुलांच्या वर्गातून मुलींना उचलून तिने वेगळं बसवलं नाही. घरात कोंडलेल्या मुलींना घराबाहेर काढलं, आणि त्यासाठी अंगावर शेण झेललं. तिची वेगळी शाळा हे घराबाहेर पडायचं दार होतं. तुमचा अर्ज आत आलेल्या मुलींना बाहेर काढायचा आहे. शाळा वेगळी काढली एवढ्यावरून दोन्हींचं नातं जोडू नका.

हुजूरपागेचंही तसंच. १८८० च्या दशकात पुण्यात मुलींची ती माध्यमिक शाळा उभी राहिली, तेव्हा मुलींना इंग्रजी कशाला आणि एवढे तास शाळा कशाला, अशी टीका 'केसरी' आणि 'मराठा'तून झाली. वेगळी शाळा असूनही टीका झाली, कारण खरा आक्षेप शिकण्यालाच होता. त्याच दशकात कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलांबरोबर शिकायला गेल्या. वर्गाची दारं त्यांच्या तोंडावर आपटली जायची, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी पदवी घेतली, आणि पुढे ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. काही दशकांनी हुजूरपागेच्या वसतिगृहातून शिकलेली एक मुलगी फर्ग्युसन कॉलेजात मुलांच्या बरोबरीने शिकली आणि १९२६ मध्ये पदवीधर झाली. ती इरावती कर्वे. पुढे त्याच डेक्कन कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं. म्हणजे बघा, मुलींची शाळा त्यांना उपयोगी पडली, आणि तिथून पुढे मिश्र कॉलेजही. दोन्ही ठिकाणी दार पुढे उघडत गेलं.

मी मुलींच्या शाळांच्या विरुद्ध नाही, हेही ऐकून जा. जिथे मिश्र शाळेत मुलगी येणारच नाही, तिथे ती वेगळ्या शाळेत आलेली मला हजारपट बरी. २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, मागास भागातल्या मुलींसाठी, राहण्याजेवणासकट. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस फक्त मुलींना शाळेत नेतात. ती सोय मुलीला शाळेपर्यंत आणते. तुमच्या मुली शाळेत आल्या आहेत. गेली सात वर्षं याच मुलांबरोबर बसून शिकल्या आहेत. आता चिठ्ठी सापडली म्हणून त्या अचानक वेगळ्या झाल्या?

आणखी एक जण फोन हातात घेऊन बसलेत. दाखवा. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की मुलामुलींचे मेंदू वेगळे असून एकत्र शिकवल्यास दोघांचे नुकसान होते.' कुठल्या शास्त्रज्ञांनी? नाव नाही, साल नाही. हे जर कोणी प्रयोगवहीत लिहिलं असतं तर मी पान फाडलं असतं. २०१४ साली अमेरिकेतल्या तीन संशोधक स्त्रियांनी २१ देशांतले १८४ अभ्यास एकत्र तपासले, सोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी. नीट रचलेले अभ्यास तेवढे वेगळे काढले तेव्हा, वेगळं शिकवल्याने ना मुलींचा म्हणण्यासारखा फायदा दिसला, ना मुलांचा. याच्या उलट निघालेले निकालही आहेत, मी ते लपवणार नाही. त्रिनिदाद आणि टोबॅगोत २०१० पासून वीस मिश्र शाळा एकेका बाजूच्या करून पाहिल्या आणि तिथे गुण वाढले. पण त्यांनी अख्ख्या शाळा फक्त मुलांच्या किंवा फक्त मुलींच्या केल्या. शिक्षक, इमारत, प्रयोगशाळा सगळं जागच्या जागी ठेवून. एका वर्गाचे दोन आणि दुसऱ्याला पोत्यांची खोली, असं त्यांनी केलं नाही. त्यांचा निकाल दाखवून तुम्ही तुमची खोली मागू शकत नाही.

आणि आपल्या देशात हा विचार आधी झालेला नाही असंही समजू नका. मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हे तपासायला साठच्या दशकात हंसा मेहतांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्यांच्याही मनात होतं की बायकांचं जग थोडं वेगळं, म्हणून त्यांचं शिक्षण थोडं वेगळं. मेहता समितीने ते मानलं नाही. अभ्यासक्रम एकच, प्राथमिक शाळा एकत्र, पुढे गावाने आणि संस्थेने ठरवावं, असं म्हटलं. आम्ही ठरवलेलं आहे. तुमच्या वडिलांच्या पिढीने ठरवलं होतं, याच पटांगणात, आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांना सही करता येत नव्हती.

आता सुरक्षितता. हा शब्द निघाला की सगळे गंभीर चेहरे करतात, म्हणून जरा गंभीरपणेच बोलू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. अवघ्या चारेक वर्षांच्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला. आरोप झाला तो शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यावर, एका मोठ्या माणसावर. शेजारच्या बाकावरच्या मुलावर नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदींचा अहवाल दरवर्षी निघतो, आणि बलात्काराच्या दर शंभर नोंदींत नव्वदाहून जास्त वेळा आरोपी मुलीच्या किंवा बाईच्या ओळखीचा असतो. घरातला, नात्यातला, शेजारचा, ओळखपाळखीचा. त्यांच्यापासून तुमची मुलगी पत्र्याच्या खोलीत कशी सुरक्षित राहणार, ते मला कोणीतरी समजावा.

मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही. जूनपासून नाही. एक मुलगी आत जाते तेव्हा दुसरी दार धरून बाहेर उभी राहते. शिक्षण हक्क कायद्याने मुलींना वेगळं स्वच्छतागृह दिलं, आणि आपण ते विनाकडीचं ठेवलं. शाळा व्यवस्थापन समितीत मी हा विषय मांडला. त्या बैठकीला इथल्या ३४ जणांपैकी किती आले होते? हात वर करा. बघा. पाळीच्या दिवसांत मुली घरी का राहतात, हे कोणी विचारलंय का? आयांनाही विचारते. तुम्हाला मुलीची अब्रू चिठ्ठीत दिसते, त्या मोडक्या दारात दिसत नाही.

आणि एक आकडा, हा तुम्हाला आवडणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९ ते २१. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्नं अठरा पुरं व्हायच्या आत झालेली. पाचातली एक. तेरा वर्षांच्या मुलीने तेरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून संयुगांची सूत्रं लिहायची नाहीत, कारण वय नाजूक. आणि सतराव्या वर्षी तिने एका तीस वर्षांच्या अनोळखी माणसाच्या घरी नांदायला जायचं, तेव्हा वय नाजूक नसतं? गेल्या उन्हाळ्यात नववीतल्या दोघी परत आल्या नाहीत. त्यांची कारणं मला माहीत आहेत, तुम्हालाही. त्यावर अर्ज आला नाही.

आता वळा. नाही, पालकांनी नको. मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी पुढे या. तुम्हाला वाटलं बाई फक्त पालकांवर घसरणार.

सहावीच्या वर्गात गेल्या आठवड्यात गोंधळ करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर कोणी बसवलं? मी वऱ्हांड्यातून बघितलं. सगळा वर्ग हसला. त्या मुलीही हसल्या, काय करतील. तिथे बसणं ही शिक्षा असते, हे एका मिनिटात तुम्ही पंचेचाळीस मुलांना शिकवलंत, आणि आता पालक अर्ज घेऊन आले की तुम्हाला नवल वाटतं. त्यांनी हे कुठून आणलं? इथूनच. हजेरीपट उघडा. आधी सगळे मुलगे, मग रेघ, मग सगळ्या मुली. कोणत्या नियमात लिहिलंय तसं? वर्ग झाडायचा तर मुली, बाकं हलवायची तर मुलं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील मिळून भाजी निवडतानाचं चित्र छापलं. ते पुस्तक शिकवून झाल्यावर त्याच वर्गातल्या मुलींच्या हातात आपण झाडू देतो.

आणि विज्ञानाचे सर. दहावीचं विज्ञान, भाग दोन, तिसरा धडा. त्यात मानवी प्रजननावरची जी पानं आहेत, ती गेली कित्येक वर्षं तुम्ही 'घरी वाचून काढा' म्हणून सोडता. घरी कोण शिकवणार ते त्यांना? २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं, विधिमंडळात आरडाओरडा झाला म्हणून. ते मी समजू शकते, राजकारणी घाबरतात. पण हा धडा तर मंडळाच्या पुस्तकात छापलेला आहे, त्यावर प्रश्न येतात, आणि तुम्ही तो ओलांडून पुढे जाता. मग मुलं ते मोबाइलवर शिकतात. तिथे काय बघतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघताय. त्या चिठ्ठी लिहिणाऱ्या पोराला आपण काय दिलं होतं? एक सिनेमा आणि एक रिकामा तास.

मुलांच्या वडिलांसाठी थोडं राखून ठेवलंय. २०२५ चा दहावीचा निकाल. राज्यात मुली उत्तीर्ण ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१. दरवर्षी असंच असतं, आणि दरवर्षी वर्तमानपत्रं 'मुलींची बाजी' छापून मोकळी होतात. मुलांचं काय चुकतंय हे कोणी विचारत नाही. तुम्ही तर उलट म्हणताय, मुलींमुळे त्यांचं नुकसान होतं. मुली शेजारून उठून गेल्या की तुमचा मुलगा अभ्यासाला लागेल, असं खरंच वाटतं? त्याला घरी कोणी वही उघडून विचारत नाही. मुलगी भांडी घासून, पाणी भरून अभ्यासाला बसते. त्याला मात्र ताट आयतं मिळतं आणि गाडीची किल्लीही. मुलाला वळण लावायचं काम घरचं आहे. ते तुम्ही केलं नाही, म्हणून मुलींनी उठून जायचं, हे मी होऊ देणार नाही.

आणि इथे जे सुधारक बसलेत, जे म्हणतील की बरोबर आहे बाई, मुली असल्या की मुलं सभ्य राहतात, त्यांनाही सांगते. मुली शाळेत स्वतः शिकायला येतात. तुमच्या मुलांना सभ्य करायला त्यांना मी बसवत नाही. वर्गात कोणी चावटपणा केला तर तो निस्तरायचं काम माझं आणि शिक्षकांचं आहे. एखाद्या मुलीला काही तास फक्त मुलींमध्ये बसून बोलायचं असेल, शरीराबद्दल, पाळीबद्दल, तर तेवढा तास वेगळा होईल. मुलांचाही होईल, त्यांनाही विचारायचं असतं आणि ते विचारत नाहीत. पण गणित, विज्ञान, इतिहास, सहल, प्रयोगशाळा आणि मैदान एकत्रच.

तर काय होणार आहे ते लिहून घ्या, म्हणजे नंतर पारावर पाठभेद नकोत. सोमवारपासून पाचवी ते दहावी बाकांची रचना आडनावाच्या आद्याक्षराने. हजेरीपटही तसाच, नवा आणवलाय. वर्ग झाडायची पाळी हजेरी क्रमांकाने, मुलगा असो वा मुलगी. विज्ञानाचे सर या महिन्यात तो तिसरा धडा शिकवतील, दोघांना एकत्र, आणि पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर बसेन. त्यांना संकोच वाटला तर मी शिकवेन, गणिताची बाई आहे पण पुस्तक वाचता येतं. शिक्षा म्हणून कोणालाही कोणाच्या शेजारी बसवायचं नाही. पुन्हा दिसलं तर लेखी खुलासा घेईन.

ती मुलगी उद्या सकाळी प्रार्थनेला हजर पाहिजे. नसेल तर मी आणि तिच्या वर्गशिक्षिका दहा वाजता तुमच्या दारात उभ्या असू, आणि चहा प्यायला आलेल्या नसू. मुलाच्या वडिलांनी उद्या चारला मला भेटायचं. एकट्याने, भाऊबंद न आणता. त्यात मुलाचं नाव खराब करायचा विषय नाही. त्याच्याशी तुम्ही शेवटचं कधी बोललात, एवढंच विचारणार आहे.

निळा शर्ट, तुझं हार्डवेअरचं दुकान आहे ना? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या तिन्ही दारांना आतून कड्या. मजबूत, पितळी नको, चोरीला जातात. संध्याकाळपर्यंत. बिल समितीच्या नावाने कर आणि मला दे. आणि बिलात भाव नीट लाव, मी गणित शिकवते.

कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ता, इथे, मोठ्याने. नसेल तर इतिवृत्तावर सह्या करून जा. आयांनी आपापली सही स्वतः करायची.